डावीकडून दुसरा

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि छोटी मजेत असाल. इकडे सगळं ठीक.

ताईचं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते, हे मला आता पाठ झालंय. पत्राला रेंज लागत नाही. सोबत एक बंद पाकीट आहे, ते आत्ता फोडायचं नाही. मी सांगेन तेव्हा. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून चिकटपट्टी दोनदा लावली आहे.

आधी घरच्या बातम्या. दुकान आता लेकच बघते. मी फक्त कटिंग करते आणि उरलेल्या वेळात तिच्या कामात चुका काढते. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून दुकानात बसून गिऱ्हाइकांना राजकारण समजावतात, त्यामुळे गिऱ्हाईक मापं देऊन लवकर पळतं. आई सध्या माझ्याकडे आहे. दुकानावरची खोली हवेशीर आहे, तिला बरं वाटतं. बाबा ठणठणीत आहेत. चष्मा बदलला.

आता मुख्य गोष्ट. आपल्या चौकातल्या वाचनालयाने वरच्या मजल्यावर एक वेगळी खोली केली आहे. तिथे फक्त आपल्या गावाचं सामान ठेवलंय. जुने नकाशे, शाळांचे अंक, लोकांनी आणून दिलेले घरचे फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याच्या कॅसेटी. ऊन आत येऊ नये म्हणून त्यांना जाड पडदे हवे होते, ते काम माझ्याकडे आलं. ग्रंथपाल बाई तरुण आहेत, हुशार आहेत आणि त्यांना धुळीचं वावडं आहे. आयुष्यभर जुन्या कागदांत बसायचं ठरवलं आणि प्रत्येक खोका उघडला की सात शिंका! मी त्यांना कापडाचा मास्क शिवून दिला, तेव्हापासून आमचं जमलं.

पडदे लावून झाले तरी मी जातच राहिले. बाईंनी मला घराण्याची वंशावळ काढायला शिकवली. आधी आपल्याला ठाऊक असलेलं लिहायचं, मग ते कुठून ठाऊक झालं ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण करायला बसलं की घाम फुटतो, कारण आपल्याला ठाऊक असलेलं निम्मं कोणीतरी ठोकून दिलेलं असतं.

तर आपले आजोबा. बैठकीतला फोटो तुला आठवतच असेल, न आठवून सांगतोस कोणाला! अग्निशमन केंद्राच्या दारात जवानांची रांग, खाली नावांची छापील पट्टी, आणि तीत डावीकडून दुसरे आजोबा. धिप्पाड, ताठ मानेचे, आणि ते नाक. बाबा जन्मायच्या आधीच ते आगीत गेले. आजी त्यांच्याविषयी एक शब्द बोलायची नाही आणि घरात त्यांचा फोटो नव्हता. आजी गेल्यावर केंद्राने बाबांना हा फोटो दिला. म्हणजे बाबांना वडील मिळाले ते थेट चौकटीत. ते त्यांच्या प्रेमात पडले यात नवल नाही, कोणीही पडलं असतं.

बाबा स्वतः आजीवर गेलेले, मी आईवर. त्यामुळे आजोबा कोणात उतरले, हा शोध बाबांनी जन्मभर चालवला. धाकट्या, त्या नाकाने आपल्या घराला जेवढा त्रास दिला तेवढा कुठल्या आजाराने दिला नाही.

हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. केंद्राच्या समारंभात जवानांच्या वारसांना मंचावर बोलावलं, तेव्हा बाबा तुला खाली बसवून माझ्या मुलाला घेऊन गेले. 'आजोबांचं नाक याच्याकडे आलंय' असं माइकवरून सांगितलं. अरे, ते नाक माझ्या सासूचं! मी तेव्हापासून घसा कोरडा करून सांगतेय. आणि घरी आल्यावर तू जाब विचारलास, तेव्हा आईच्या समोर ते म्हणाले, 'तू आमच्यातला दिसतच नाहीस, त्याला मी काय करू?' आईच्या हातातला पेला तसाच राहिला. तू रक्ताची तपासणी करू म्हणालास, तेव्हा आईच कडाडली की माझ्या शब्दाची तपासणी या घरात होणार नाही. तू बॅग भरलीस. तेव्हापासून आपल्या घरात तुझा विषय निघाला की बाबा उठून खिडकी लावतात, मग ती आधीच लावलेली असो.

तर खरं सांगते. पडदे हे निमित्त होतं. मी त्या खोलीत तुझे कान शोधायला गेले होते. आईकडच्या मामा-आजोबांचे फोटो पाहिले, आजीकडचे पाहिले. बाहेरच्या बाजूला पसरलेले ते तुझे कान, हनुवटीवरची खळी, पाच फुटांच्या आसपासची उंची. कुठेतरी सापडतील आणि मी ते बाबांच्या पुढ्यात आदळीन, असं ठरवलं होतं. कुठेच सापडले नाहीत.

मग बाई म्हणाल्या, तुमच्या घरचा तो फोटो आणा, आपण त्याची चांगली प्रत काढून ठेवू. बाबांना काच पुसून आणते सांगून मी तो उतरवला. आजवर तो कपाटाच्या वर टांगलेला, जवळून कोणी पाहिलाच नव्हता. बाईंनी दिव्याखाली ठेवला, वर मोठं भिंग धरलं. मी काय बघणार? माझी नजर कपड्यांवर.

"अहो बाई," मी म्हटलं, "यांचे कोट कोणत्या महाभागाने शिवलेत?"

"का हो?"

"बटणपट्टी बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांची उजवी. इथे सगळ्यांची उजवी वर आहे. एखाद्याचं चुकलं तर समजू शकते. अख्ख्या रांगेला बायकांचे कोट?"

बाई हसल्या. मग हसता हसता गप्प झाल्या, उठल्या आणि कपाटातून केंद्राचा दुसरा एक फोटो घेऊन आल्या. त्यात घंटेचा मनोरा दाराच्या एका बाजूला, आणि आपल्या फोटोत दुसऱ्या बाजूला. "मी गेले कित्येक महिने समजत होते की गावात दोन केंद्रं होती," त्या म्हणाल्या. "दुसरं सापडेना म्हणून डोकं धरून बसले होते. ताई, तुम्ही देवासारख्या आलात!" आणि त्यांनी मला मिठीच मारली. मग शिंकल्या.

फोटो काढणाऱ्याचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्याच्या नातवाने फोटोंच्या मूळ काचा वाचनालयाला दिल्या होत्या. त्या स्टुडिओत तेव्हा फिल्म नसायची, काचेवरच चित्र उमटायचं. आमच्या रांगेची काच सापडली. काचेची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू कागदाला लावून छापायचं असतं. केंद्राने पुढे कधीतरी प्रती काढल्या, तेव्हा कोणीतरी घाईत काच उलटी लावली. नावांची पट्टी बरोबर छापली, माणसं उलटी छापली. आरशात पाहावं तशी सगळी रांग फिरली आणि आपले आजोबा गेले दुसऱ्या टोकाला.

आता फोड पाकीट.

बघितलंस? डावीकडून दुसरा. मी तर खुर्चीत बसलेच. मला क्षणभर वाटलं तूच कुणाचा तरी गणवेश घालून उभा आहेस. तेच कान, तीच खळी, आणि हसू दाबून ठेवलेलं ते तोंड, शाळेत कुणाच्या तरी खुर्चीवर खाजकुयली टाकून आल्यासारखं. कॅसेटींमध्ये एका जुन्या जवानाचं बोलणं आहे, तेही बाईंनी मला ऐकवलं. तो सांगतो, 'धिप्पाड गडी शिडी धरायचे आणि टोकावर चढायचा तो आमचा बुटका. खारीसारखा जायचा. त्याला उंचीची भीतीच नव्हती.' आणि तू लिफ्ट दुरुस्त करायला बोगद्यात दोराला लटकून नट पिळतोस, त्यावर बाबा म्हणायचे, हे असलं काम आपल्या घराण्यात कोणी केलं नाही!

आणि तो नाकवाला? तो घंटा वाजवायचा. भला माणूस असेल बिचारा. त्याचं माप लावून आपण आपल्या घरातली माणसं कापत बसलो.

बाबांना मी फोटो दाखवला. भिंग घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "हा तर आपला धाकटा आहे." आपला म्हणाले, धाकट्या. मी स्वतः ऐकलं.

तर आता तुझं काम. वाचनालयाचा एक नियम आहे. फोटोतल्या माणसाचं नाव बदलायचं तर त्याच्या दोन वारसांनी, आणि तेही दोन वेगळ्या घरांतल्या, येऊन समोर सह्या करायच्या. एक बाबा करतील. दुसरी मी करू शकते, पण मी करणार नाही. ती जागा तुझी आहे. पुढच्या रविवारी ये, सही कर, बाबांच्या शेजारी उभा राहा आणि झालं गेलं संपवून टाक. मी जिंकले आहे, मला माझा विजय साजरा करू दे.

छोटीचा गालगुच्चा घे.

तुझी,
ताई


२१ मार्च

ताईस नमस्कार.

फोटो मिळाला. छोटीने पाहिला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही ही टोपी कधी घातली होती?"

सही करायला मी येणार नाही.

एवढं मोठं पत्र लिहिलंस. बटणं लिहिलीस, शिंका लिहिल्यास. आई काय म्हणाली ते कुठेच लिहिलं नाहीस. आणि जिचे गुडघे दुखतात ती तुझ्या दुकानाचा जिना चढून वरच्या खोलीत कशाला राहतेय? हवेसाठी? ताई, तू शाळेतही खोटं बोलताना आधी चष्म्याबिष्म्याच्या गोष्टी सांगायचीस.

आई काय म्हणाली, तेवढं कळव.

धाकटा


३० मार्च, रविवार

प्रिय धाकट्या,

पकडलंस. बरं, घे.

मी फोटो घेऊन घरी गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. बाबा 'हा तर आपला धाकटा आहे' म्हणाले आणि मी तिला ओढत बाहेर आणलं. मला वाटलं ती रडेल, मग मी रडेन, मग बाबा रडतील आणि मी तुला फोन लावीन. तिने हात पुसले, फोटो घेतला, पाहिला. "कान त्याचेच आहेत," म्हणाली. इतक्या शांतपणे की मला आनंदच झाला.

मग ती बाबांकडे वळली. "म्हणजे आता पटलं?"

बाबा म्हणाले, "आता काय शंका राहिली?"

"इतकी वर्षं मी सांगत होते ते कमी पडलं. काचेच्या एका तुकड्याने सांगितलं, ते पुरलं?" बाबा काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला. "मला एवढंच सांगा. हा फोटो सापडला नसता तर?"

तिने पिशवीत चार कपडे टाकले, औषधांचा डबा घेतला आणि माझ्याबरोबर निघाली. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होती, पण माझा हात धरला नाही. या वयात माझ्या आईने नवऱ्याचं घर सोडलं, आणि तेही मी पुरावा आणून दिल्यावर! ते पहिलं पत्र मी लिहिलं तेव्हा ती माझ्या डोक्यावरच्या खोलीत कडी लावून बसली होती, आणि मी खाली विजयाच्या गोष्टी लिहीत होते. मला वाटलं, तू आलास की ती आपोआप खाली उतरेल. म्हणून तुला कळवलं नाही. तुला सहीसाठी बोलवत होते, पण खरं तर मला तुझ्याकडून आईला जिना उतरवून घ्यायचं होतं.

तिने मलाही सोडलं नाही. "तू पण शोधतच होतीस ना त्याचे कान?" म्हणाली. मी म्हटलं, बाबांसाठी. ती म्हणाली, "असेल." बस, एवढंच. त्यानंतर दोन दिवस मी कापड उलटं कापत होते.

बाबा रोज दुकानात यायला लागले. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसायचे, वर बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. आई खाली यायची नाही. तुझे भाऊजी त्यांना राजकारण समजावायचे आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं सगळं ऐकून घेत होतं, त्यामुळे भाऊजी भलतेच खूश होते. मी बाबांना एकदा म्हटलं, वर जा, माफी मागा, मोकळे व्हा. तर म्हणाले, "माफी मागेन गं. पण तिने विचारलेल्याचं उत्तर काय देऊ? सापडला नसता, तर मी तसाच मेलो असतो. हे सांगू?"

मी त्यांच्यापुढे चहाचा दुसरा कप सरकवला.

परवा ते आले तेव्हा दुकानात दोन बायका मापं द्यायला आल्या होत्या. बाबा बसले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि वर तोंड करून मोठ्याने बोलायला लागले. बाबा, ज्यांनी आयुष्यात परक्या माणसासमोर आईला नावानेही हाक मारली नाही!

"ऐकतेस का? फोटो वाचनालयाला देऊन आलो. जुना दिला, नवा पण दिला. भिंतीवर आता खिळा तेवढा आहे. सही केली नाही. त्या बाईंना म्हटलं, आधी दुसरं काम आहे."

माप देणाऱ्या बाईने हात वर धरले होते, ते तिने खाली घेतलेच नाहीत.

"तू विचारलंस ना, तर सांगतो. नसता सापडला, तर मला पटलं नसतं. मी तसा माणूस आहे. होतो म्हण, आहे म्हण. आता माझ्याकडे बघायला काही नाही. तू सांग तो कोणाचा. तू सांगशील तेवढंच धरीन."

वर कडी वाजली. आई वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "तुमचा आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तुमचा आहे. आणि हे मला ऐकून काय करायचंय? ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगा."

बाबा म्हणाले, "जातो."

"एकटे नाही जायचं. चुकीच्या घरात शिराल." आणि ती खाली उतरायला लागली. या वेळी माझा हात धरला.

ती अजून माझ्याकडेच राहते आहे, गैरसमज नको. म्हणते, आधी त्याच्याकडे जाऊन येऊ, मग बघू. बाबांनी तेही मान्य केलं.

तर आम्ही शनिवारी सकाळी तुझ्याकडे येतो. बाबा, आई आणि मी. तुला सही करायला बोलवत नाही. ते नाव आज बदललं काय, वर्षाने बदललं काय, बाईंनी खाली 'तपासणी चालू' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. फोटो आम्ही आणणार नाही. बाबांना तुला जे सांगायचंय ते फोटोशिवाय सांगायचंय, आईची तशी अट आहे. घंटी बाबा वाजवतील. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी आग्रह करत नाही. हे माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिलं जातंय, तेव्हा जपून ठेव.

आणि एक. काल बाबांना बसने घरी सोडायला गेले होते. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "त्याच्या मुलीचे कान कसे आहेत गं?" मी भडकलेच. "बाबा, पुन्हा कान?" अख्खी बस वळून बघायला लागली. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. खिडकीबाहेर बघत राहिले. आमचा थांबा आला तेव्हा म्हणाले, "बरं, कान राहू दे. तिचं नाव काय?"

धाकट्या, इतकी वर्षं आई आणि मी ते नाव त्यांच्यासमोर उच्चारलंच नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, तिलाच विचारा.

शनिवारी ती घरी असू दे.

तुझी सख्खी बहीण